शारीर परिभाषा : अस्थी, संधी, उपास्थी व स्नायू

शरीराचा सांगाडा, त्यातील सांधे आणि त्यांस हलविणारे मांसल भाग यांना दिलेल्या नावांची जी व्यवस्था वैद्यकाने कालौघात सिद्ध केली, ती शारीर परिभाषेचा सर्वांत जुना भाग होय. हाड हाताला लागते, डोळ्यांस दिसते आणि मृत्यूनंतरही दीर्घकाळ टिकते. त्यामुळे त्याचे नाव सहसा बदलत नाही. याउलट हाडांना बांधणाऱ्या, ओढणाऱ्या व वेढणाऱ्या मऊ भागांची नावे पुनःपुन्हा एकमेकांत मिसळली आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना त्यांचे अर्थ पालटले. ‘स्नायू’ हा शब्द याचे ठळक उदाहरण आहे. आजच्या मराठीत आकुंचन पावून हालचाल घडविणारा मांसल भाग असा त्याचा अर्थ होतो. सुश्रुतसंहितेत तो बांधणाऱ्या चिवट तंतूंसाठी आला आहे. आणि बंगालीत त्याच शब्दाने मेंदू व मेरुरज्जू यांपासून निघणाऱ्या संवेदनावाहक तंतूंचा बोध होतो. एकाच देशात, एकाच संस्कृत शब्दाचे तीन वेगवेगळे अवयव झाले, ही गोष्ट केवळ शब्दांच्या कुतूहलाची नाही. प्राचीन ग्रंथ वाचताना व एका भाषेतील वैद्यकीय मजकूर दुसरीत आणताना तिचे परिणाम भोगावे लागतात.

सध्याच्या मराठी लेखनात पुढील अर्थ रूढ आहेत. शरीराला आधार देणारा कठीण घटक म्हणजे अस्थी किंवा हाड. दोन वा अधिक अस्थी जेथे एकत्र येतात ती जागा म्हणजे संधी किंवा सांधा. नाकाचा शेंडा, कानाची पाळ, हाडांची सांध्यातील टोके इ. ठिकाणी आढळणारा मऊ पण ताठ घटक म्हणजे उपास्थी किंवा कूर्चा. अस्थीला अस्थीशी बांधणारा पट्टा तो अस्थिबंध. स्नायूचे टोक अस्थीशी जोडणारी दोरी ती कंडरा. संवेदना व प्रेरणा वाहून नेणाऱ्या तंतूस तंत्रिका, चेता किंवा मज्जातंतू असे म्हणतात. या साध्या दिसणाऱ्या शब्दांपैकी जवळजवळ प्रत्येकाला पूर्वी निराळा अर्थ होता.

वैदिक व आयुर्वेदीय संज्ञा : अथर्ववेदाच्या दहाव्या कांडातील दुसऱ्या सूक्तात मानवी देह कोणी घडविला असा प्रश्न टाचेपासून वर चढत चढत विचारलेला आहे. त्यात पार्ष्णी (टाच), गुल्फ (घोटा), जानू (गुडघा), श्रोणी, अंस (खांदा), पृष्टी (बरगड्या), ललाट, कपाल अशी नावे क्रमाने येतात. ही वैद्याची यादी नव्हे. परंतु अवयवांची नावे ठरीव क्रमाने घेण्याची सवय त्या काळी होती, हे तिच्यावरून दिसते. शतपथब्राह्मणात पुरुषाच्या अस्थींची संख्या ३६० सांगितली असून तिची सांगड वर्षाच्या रात्रींशी घातली आहे. ही संख्या मोजणीतून आली नाही हे उघड आहे, तरीही पुढे चरकसंहितेने ती स्वीकारली. ३६० हा आकडा भरून काढण्यासाठी चरकाच्या यादीत ३२ दात, दातांच्या ३२ खोबणी आणि २० नखे यांची गणना अस्थींतच केलेली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयानेही हीच संख्या दिली आहे.

सुश्रुताने मात्र वेदवादी ३६० अस्थी मानतात, शल्यतंत्रात त्या ३०० च आहेत, असे स्पष्ट सांगून वेगळी वाट धरली. हात व पाय मिळून १२०. श्रोणी, कुशी, पाठ व छाती या भागांत ११७. मानेच्या वर ६३, अशी त्याची वाटणी आहे. प्रौढ माणसात आज २०६ अस्थी मोजतात. त्या मानाने सुश्रुताची संख्या फार मोठी वाटते, पण तिचे कारण समजण्यासारखे आहे. दात आणि उपास्थी यांचा समावेश त्याने अस्थींत केला होता. ए. एफ्. रूडोल्फ हर्नले (१८४१–१९१८) या प्राच्यविद्या पंडिताने १९०७ मध्ये ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चरक व सुश्रुत यांच्या अस्थिगणनेची सविस्तर तुलना केली. प्राचीन भारतीयांच्या शारीरज्ञानाविषयी तोपर्यंत जो सरसकट अविश्वास दाखविला जाई, त्याला या ग्रंथाने आधारपूर्वक उत्तर दिले.

संख्येपेक्षा सुश्रुताचे वर्गीकरण अधिक मोलाचे आहे. अस्थींचे त्याने पाच प्रकार केले. गुडघा, नितंब, खांदा, गाल, टाळू, शंखप्रदेश व डोके येथील खापरासारख्या चपट्या अस्थी त्या कपाल. दात ते रुचक. नाक, कान, मान व डोळ्यांच्या खोबणी येथील तरुण. कुशी, पाठ व छाती येथील वक्र त्या वलय. आणि राहिलेल्या लांब, नळीसारख्या त्या नलक. हे वर्गीकरण केवळ आकारावरून केलेले आहे असे वरवर पाहता वाटते. अस्थिभंगाच्या प्रकरणात मात्र त्याचा खरा उपयोग कळून येतो : तरुणास्थी वाकतात, नलकास्थी मोडतात, कपालास्थींना तडे जातात आणि रुचकांचे तुकडे उडतात, असे सुश्रुताने म्हटले आहे. म्हणजे नावावरूनच वैद्याला दुखापतीचा प्रकार ओळखता यावा अशी येथे योजना होती. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाताला उपयोगी पडणारी परिभाषा कशी असावी याचा इतका चांगला नमुना प्राचीन वाङ्‌मयात विरळाच.

उपास्थीला ‘तरुणास्थी’ म्हणजे कोवळे हाड म्हणण्यात एक सूक्ष्म निरीक्षण आहे. गर्भातील लांब हाडांचा साचा प्रथम उपास्थीचा बनतो आणि पुढे त्याचे अस्थीभवन होते, हे आज ठाऊक आहे. सुश्रुतास ही प्रक्रिया ठाऊक होती असे म्हणता येणार नाही. परंतु लहान मुलांची मऊ हाडे आणि मोठ्यांच्या नाकाकानांतील उपास्थी यांच्यातील साम्य त्या काळच्या निरीक्षकांच्या नजरेतून सुटले नसावे. ग्रीकांनी याच घटकाला ‘खोंद्रोस’ म्हटले. त्या शब्दाचा मूळ अर्थ धान्याचा भरडा किंवा कण असा आहे.

संधींची संख्या सुश्रुताने २१० दिली असून हातापायांत ६८, धडात ५९ व मानेच्या वर ८३ अशी ती विभागली आहे. संधी प्रथम हलणारे व स्थिर असे दोन प्रकारचे मानले आहेत. ही विभागणी आजच्या शारीरविज्ञानातही पायाभूत आहे. त्यानंतरचे आठ प्रकार घरातील व भोवतालच्या वस्तूंवरून ओळखलेले दिसतात. बोटे, मनगट, घोटा, गुडघा व कोपर येथील कोर. काख, जांघ व दात येथील उलूखल म्हणजे उखळासारखे. खांद्याचे पीठ, नितंब इ. ठिकाणचे सामुद्ग म्हणजे डबीसारखे; मान व पाठीचा कणा येथील प्रतर; डोक्याच्या कवटीतील तुन्नसेवनी म्हणजे शिवणीसारखे; जबड्याच्या दोन्ही बाजूंचे वायसतुंड म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखे; आणि उरलेले मंडल व शंखावर्त. यांतील उलूखलाची उपमा मराठीत आजही ‘उखळीचा सांधा’ या शब्दात जिवंत आहे. मात्र सुश्रुताने दात व त्याची खोबण यांचाही उलूखलातच समावेश केला होता. आजच्या वर्गीकरणात खांद्याचा व जांघेचा सांधा सर्वांत मुक्तपणे हलणाऱ्यांत मोडतो आणि दाताचा स्थिरांत. रूप सारखे म्हणून नाव एक, अशी ही दृष्टी होती; हालचालीवरून नाव देण्याची दृष्टी नंतरची.

हे सर्व ज्ञान मिळविण्याची रीतही सुश्रुताने सांगितली आहे. मृतदेह गवताने किंवा सालींनी गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा, वाहत्या पाण्यात सुरक्षित जागी सात रात्री कुजू द्यावा आणि मग वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासून आतपर्यंतचे सर्व भाग डोळ्यांनी पाहावे. या पद्धतीत हाडे, सांधे व चिवट बंध चांगले टिकतात. मऊ मांसाचे थर आणि बारीक तंत्रिका टिकत नाहीत. सुश्रुताच्या अस्थी व संधी यांच्या वर्णनातील नेमकेपणा आणि मऊ भागांच्या वर्णनातील संदिग्धता यांचे मूळ बहुतांशी येथे सापडते.

स्नायू व पेशी : सुश्रुताच्या ग्रंथात मांसल भागाला ‘पेशी’ असे नाव आहे. पेशी एकूण ५००. त्यांपैकी ४०० हातापायांत, ६६ धडात व ३४ मानेच्या वर. स्नायू यांहून निराळे असून ते ९०० आहेत : ६०० हातापायांत, २३० धडात आणि ७० मानेच्या वर. त्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. सर्व सांध्यांत पसरलेले प्रतानवती. गोल ते वृत्त, आणि कंडरा या सर्व वृत्तच होत. कुशी, छाती, पाठ व डोके येथील रुंद पसरट ते पृथुल. आणि आमाशय व पक्वाशय यांची टोके आणि बस्ती येथील पोकळ ते सुषिर. आजच्या भाषेत पहिल्या प्रकारात अस्थिबंध, दुसऱ्यात कंडरा आणि तिसऱ्यात पसरट तंतुपटल ओळखता येतात. चौथा आतड्यांच्या व मूत्राशयाच्या तोंडाशी असणाऱ्या वलयांशी जुळतो. यांतील कोणताही आजच्या मराठीतील ‘स्नायू’ नव्हे. अनेक फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या म्हणजे नाव पाण्यात भार वाहू शकते, त्याप्रमाणे स्नायूंनी सांधे बांधलेले असल्यामुळे माणूस भार सहन करतो, अशी उपमा त्या ठिकाणी दिली आहे. ती बांधणाऱ्या पट्ट्यांनाच लागू पडते.

अडचण पुढे आहे. अस्थी, पेशी, सिरा किंवा संधी यांना इजा झाली तरी ती स्नायूच्या इजेइतकी घातक ठरत नाही, असेही सुश्रुताने म्हटले आहे. १०७ मर्मांपैकी २७ मर्मे त्याने स्नायुमर्मे मानली आहेत. स्नायूंमध्ये वात शिरला असता आचके व ताठरपणा येतो, असेही आयुर्वेदात सांगितले आहे. या वर्णनांचा मेळ केवळ बांधणाऱ्या पट्ट्यांशी घालणे कठीण जाते. हात, पाय, मनगट यांच्या खोल जखमेत अस्थिबंध, कंडरा व तंत्रिका एकत्रच तुटतात आणि ताज्या जखमेत पांढरी चकाकणारी कंडरा व पांढरी तंत्रिका यांतील फरक नवख्याला आजही चटकन कळत नाही. त्यामुळे तंत्रिकेची काही लक्षणे स्नायूच्या नावावर जमा झाली असावीत, हे अनुमान सयुक्तिक दिसते. गृध्रसी या रोगाचे उदाहरण येथे उपयोगी आहे. टाच व बोटे यांच्याकडे जाणाऱ्या कंडरा वाताने पीडित झाल्या म्हणजे पाय उचलता येत नाही, तो रोग गृध्रसी, अशी सुश्रुताची व्याख्या आहे. आज गृध्रसी म्हणून ओळखला जाणारा रोग तंत्रिकेचा आहे. व्याख्येतील कंडरा हा शब्द अक्षरशः घेतला तर उपचाराची दिशाच बदलते. तो सरसकट ‘तंत्रिका’ असा वाचला तर सुश्रुताच्या पदरी त्याला नसलेले ज्ञान पडते. दोन्ही टोके टाळून वाचणे हेच अभ्यासकाचे काम आहे. या ग्रंथावरील डल्हणाची टीका (सु. बारावे शतक) त्यासाठी उपयोगी असून तिच्यासह सुश्रुतसंहितेचे यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेले संस्करण मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने १९१५ मध्ये प्रसिद्ध केले.

ग्रीक व लॅटिन परंपरा : नेमका हाच घोळ ग्रीक भाषेतही झाला, आणि विशेष म्हणजे शब्दही मुळात तोच होता. संस्कृतातील ‘स्नावन्’ व ‘स्नायु’, अवेस्तातील ‘स्नावर’, ग्रीकमधील ‘नेऊरॉन’ आणि लॅटिनमधील ‘नेर्वुस’ हे सर्व एकाच इंडो-यूरोपीय धातूपासून निघालेले शब्द आहेत. होमरच्या काळी त्या ग्रीक शब्दाचा अर्थ चिवट तंतू, धनुष्याची दोरी असा होता. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यानेही तो बांधणाऱ्या तंतूंसाठीच वापरला. त्यानंतर ॲलेक्झांड्रिया येथे हीरॉफिलस (सु. इ. स. पू. ३३५–२८०) व एरासिस्ट्रेटस यांनी मानवी देहाचे विच्छेदन करून मेंदूपासून निघणारे संवेदनावाहक तंतू वेगळे ओळखले. नव्या वस्तूला नवे नाव न देता त्यांनी जुनेच नाव लावले आणि पुढे तोच त्या शब्दाचा मुख्य अर्थ झाला. जुना अर्थ ‘ॲपोन्यूरोसिस’ या पसरट कंडरेच्या नावात तेवढा उरला आहे. ॲलेक्झांड्रियात जे घडले तेच पुढे बंगालीत घडले.

गेलेनने (१२९–सु. २१६) तंत्रिका, अस्थिबंध व कंडरा यांना स्वतंत्र नावे देऊन हा गुंता सोडविण्याचा प्रयत्न केला. परंतु कंडरा ही अस्थिबंध व तंत्रिका यांच्या तंतूंच्या मिश्रणाने बनते, असे त्याचे मत होते. त्यावरून कंडरेला सुई टोचल्यास तंत्रिकेला टोचल्याप्रमाणे आचके येतील, अशी समजूत दृढ झाली आणि तुटलेल्या कंडरा शिवण्यास यूरोपातील शस्त्रवैद्य कित्येक शतके धजले नाहीत. ॲव्हिसेना (९८०–१०३७) याने कंडरा शिवावी असे सांगितले होते, तरी प्रचलित भीती टिकून राहिली. आल्ब्रेख्ट फोन हालर (१७०८–७७) याने १७५२ मध्ये मांडलेल्या प्रयोगांतून कंडरेला वेदना होत नाही हे सिद्ध झाले, तेव्हा कोठे या समजुतीचा पाया खचला. मधल्या काळात ज्यांची बोटे तुटलेल्या कंडरेमुळे कायमची निरुपयोगी झाली, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

अस्थींच्या बाबतीत ग्रीक व रोमन लोकांनी घरगुती वस्तूंचाच आधार घेतला. नडगीच्या हाडाचे ‘टिबिया’ हे नाव बासरीवरून, त्याच्या शेजारच्या बारीक हाडाचे ‘फिब्युला’ हे वस्त्राला लावायच्या चापाच्या सुईवरून, गळ्याच्या हाडाचे ‘क्लॅव्हिक्युला’ हे छोट्या किल्लीवरून, गुडघ्याच्या वाटीचे ‘पटेला’ हे लहान तबकावरून आणि जांघेच्या खोबणीचे ‘ॲसिटॅब्युलम’ हे शिरक्याच्या प्याल्यावरून आलेले आहे. माकडहाडाला ‘कॉक्सिक्स’ म्हणजे कोकीळ हे नाव त्याच्या चोचीसारख्या आकारामुळे मिळाले. मांसल भागाचे ‘मुस्कुलुस’ हे लॅटिन नाव तर छोटा उंदीर या अर्थाचे आहे. त्वचेखाली हलणारा मांसाचा गोळा त्या लोकांस उंदरासारखा भासला. मराठीत दंडावर फुगणाऱ्या गोळ्यास ‘बेडकुळी’ म्हणतात. येथे प्राणी बदलला, कल्पना तीच राहिली.

मांसल भागांना स्वतंत्र नावे मात्र फार उशिरा मिळाली. गेलेनने बहुतेकांना क्रमांकांनीच संबोधिले आहे. आंद्रेअस व्हेसेलियस (१५१४–६४) याने १५३८ मध्ये काढलेल्या शारीर आकृतिपटांत ग्रीक, लॅटिन, अरबी व हिब्रू नावे शेजारी शेजारी दिली होती. १५४३ मधील आपल्या युगप्रवर्तक ग्रंथातही त्याने प्रत्येक भागातील स्नायू पहिला, दुसरा, तिसरा असेच मोजले. ही पद्धत अत्यंत गैरसोयीची होती; दोन ग्रंथकारांचा क्रम क्वचितच जुळे. याक द्यूब्वा तथा सिल्व्हियस (१४७८–१५५५) याने काही स्नायूंना नावे दिली आणि गास्पार बॉइन (१५६०–१६२४) याने आकार, जागा, डोक्यांची संख्या, उगम व कार्य यांवरून नावे देण्याची रीत पक्की केली. खांद्यावरील त्रिकोणी स्नायूचे नाव ग्रीक ‘डेल्टा’ या अक्षराच्या आकारावरून, तर दंडातील द्विशिरस्क स्नायूचे नाव त्याच्या दोन शिरांवरून पडले. मांडी घालून बसलेल्या शिंप्यावरून मांडीतील एका लांब स्नायूला ‘सार्टोरियस’ हे नाव मिळाले.

आंतरराष्ट्रीय परिभाषा : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपातील पाठ्यपुस्तकांत सु. ५०,००० शारीर नावे प्रचलित होती. एकेका अवयवाला अनेक नावे आणि देशपरत्वे शोधकांची नावे जोडलेली, अशी स्थिती होती. जर्मन शारीरविज्ञांनी व्हिल्हेल्म हिस (१८३१–१९०४) यांच्या प्रमुखत्वाखाली काम करून बाझेल येथे १८९५ मध्ये सु. ५,००० लॅटिन नावांची यादी मान्य करून घेतली. बर्मिंगहॅम (१९३३) व येना (१९३५) येथील दुरुस्त्यांनी इंग्रज व जर्मन पुन्हा वेगळे झाले. पॅरिस येथे १९५५ मध्ये एकमत झाले व शोधकांची नावे अधिकृत यादीतून गळाली. उदा., टाचेमागील जाड कंडरेला फिलिप फेरहेयन याने १६९३ मध्ये दिलेले ॲकिलीझ या ग्रीक वीराचे नाव सर्वतोमुखी असूनही अधिकृत यादीत ती केवळ ‘टाचेची कंडरा’ आहे. यादीची नवी आवृत्ती १९९८ मध्ये आणि त्यानंतरची २०१९ मध्ये तयार झाली. नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना असलेले ‘पेरोनियल’ हे ग्रीक विशेषण मागे पडून ‘फिब्युलर’ पुढे आले, ते मलद्वाराजवळच्या भागाच्या ‘पेरिनियल’ या नावाशी होणारा घोटाळा टाळावा म्हणून. गंमत अशी की, दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच : चापाची सुई.

भारतीय भाषांतील परिभाषा : कलकत्ता येथे १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले ही घटना प्रसिद्ध आहे. त्यापूर्वी त्यांनी हूपरच्या इंग्रजी शारीरग्रंथाचे संस्कृत भाषांतर शारीरविद्या या नावाने केले होते, हे तितकेसे परिचित नाही. नव्या शारीराला जुनी संस्कृत नावे लावण्याच्या प्रयत्नांत त्यांचे काम अगदी आरंभीचे होय. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि पुढे तेथे मराठी व गुजराती माध्यमांतून शिकविण्याचे वर्गही निघाले. प्रत्येक प्रांतातील अनुवादकांनी आपापल्या भाषेत जे रुळले होते ते घेतले. परिणामी मराठी, गुजराती व कन्नड यांत ‘स्नायू’ म्हणजे मांसल भाग, तर बंगाली व नेपाळीत ‘स्नायू’ म्हणजे तंत्रिका अशी विभागणी झाली. हिंदीत स्थिती अधिक विचित्र आहे : सामान्य लेखनात ‘स्नायु’चा अर्थ तंत्रिका असा दीर्घकाळ होत आला, भारत सरकारने १९६१ मध्ये स्थापन केलेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाच्या परिभाषेत तोच शब्द अस्थिबंधासाठी, म्हणजे सुश्रुताच्या अर्थाजवळ, आला, आणि मांसल भागासाठी ‘पेशी’ हा सुश्रुताचाच शब्द राहिला.

मराठीने ‘पेशी’ हा शब्द मात्र सजीवांच्या सूक्ष्मतम घटकासाठी वापरला, ज्याला हिंदीत ‘कोशिका’ म्हणतात. ‘मांसपेशी’ हा हिंदी शब्द मराठी विद्यार्थी मांसाचा सूक्ष्म घटक असा वाचतो. मराठीतील ‘स्नायुपेशी’ बंगाली वाचकाला तंत्रिकेचा मांसल भाग वाटेल. वैद्यकीय पत्रके एका भारतीय भाषेतून दुसरीत आणताना असे शब्द संस्कृत म्हणून तसेच ठेवले जातात, आणि चूक तेथेच होते.

प्राचीन व अर्वाचीन यांचा पद्धतशीर मेळ घालण्याचे मोठे काम कविराज गणनाथ सेन यांनी प्रत्यक्षशारीरम् या संस्कृत ग्रंथात केले. त्याचा प्रकाशनारंभ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. प्रगंडास्थी, ऊर्वस्थी, जंघास्थी, अनुजंघास्थी, अक्षक, अंसफलक यांसारखी अस्थींची नावे आयुर्वेद महाविद्यालयांत रुळली, त्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन करणारे महाराष्ट्रीय विद्वान भास्कर गोविंद घाणेकर यांनी सुश्रुताच्या शारीरस्थानावर हिंदीत लिहिलेल्या टीकेत जुन्या संज्ञांची आधुनिक शारीराशी तुलना केली. जुन्या शब्दाचा अर्थ संदर्भ पाहून ठरवावा लागतो, हे तिच्या वाचनाने पटते.

‘कूर्चा’ या शब्दाची कथाही अशीच आहे. सुश्रुताने हात, पाय, मान व जननेंद्रिय येथे मिळून सहा कूर्च सांगितले आहेत. ते तंतूंचे झुबके किंवा कुंचल्यासारखे जुडगे होत. मराठीत तोच शब्द स्त्रीलिंगी होऊन उपास्थीसाठी स्थिरावला. शालेय पुस्तकांत त्याच्या जोडीला ‘कास्थी’ हा शब्द दिलेला असतो, तर आयुर्वेदाचा विद्यार्थी अजूनही तरुणास्थी म्हणतो. या चार शब्दांत ‘तरुणास्थी’ सर्वांत जुना आणि अर्थवाहीही आहे. तो सामान्य परिभाषेत मागे पडला हे दुर्दैवच म्हणावे लागेल. ‘मज्जा’ या शब्दाचा मूळ अर्थ हाडाच्या पोकळीतील मगज. मराठीत ‘मज्जातंतू’, ‘मज्जारज्जू’ असे शब्द तंत्रिकांकडे वळले, म्हणून मूळ मज्जेला आता ‘अस्थिमज्जा’ असे स्पष्ट करून सांगावे लागते. खुद्द ‘अस्थी’ हा शब्दही बोलीत दहनानंतर गोळा करावयाच्या अवशेषांपुरता उरला आहे. जिवंत माणसाच्या शरीरात मराठी बोलणाऱ्याच्या दृष्टीने हाडेच असतात.

बोलीतील हा शब्दसंग्रह परिभाषाकारांनी फारसा विचारात घेतला नाही. बरगडी, मणका, नडगी, पोटरी, घोटा, खुबा, फरा, माकडहाड, गुडघ्याची वाटी हे शब्द नेमके आहेत. गळ्याच्या हाडाला असलेले ‘हांसळी’ हे नाव गळ्यातील त्याच नावाच्या दागिन्याशी जुळते आणि रोमन लोकांच्या किल्लीपेक्षा त्या वळणदार हाडाला ते अधिक शोभते. टाचेमागच्या जाड कंडरेला ‘धोंडशीर’ म्हणतात. मात्र बोलीतील ‘शीर’ या एका शब्दात रक्तवाहिनी, कंडरा व तंत्रिका या तिन्ही येतात. ‘शीर आखडली’ म्हणणाऱ्या रुग्णाला यांपैकी काय म्हणावयाचे आहे, हे तपासणाऱ्याला दुखऱ्या जागी हात लावूनच ठरवावे लागते.

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) काढलेल्या परिभाषा कोशांमुळे मराठी संज्ञांना बरीच एकरूपता आली. ‘स्नायू’ हा मांसल भागासाठी, ‘कंडरा’ व ‘अस्थिबंध’ हे आपापल्या निश्चित अर्थांनी आणि ‘तंत्रिका’ किंवा ‘चेता’ हे संवेदनावाहक तंतूंसाठी, असा वापर आता सर्वसाधारणपणे आढळतो. शालेय पुस्तकांत कंडरेसाठी ‘स्नायुरज्जू’ हाही शब्द आहे. आयुर्वेदाच्या पाठ्यग्रंथांत मात्र सुश्रुताची परिभाषा कायम असल्यामुळे एकाच शहरातील दोन वैद्यकीय महाविद्यालयांत ‘स्नायू’ व ‘पेशी’ हे शब्द दोन वेगळ्या अर्थांनी शिकविले जातात.